सत्ताविसाव्या दिवशी कवचातच मेलेली बदकाची पिल्लं: पाणी कमी पडतंय की जास्त होतंय?

बदकाच्या अंड्यातून पिल्लू अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर यायचं. तेव्हा ते पूर्ण तयार असतं. चोच असते, बोटांमधले पडदे असतात, अंगावर तपकिरी लव असते. बाहेर मात्र ते येत नाही. कधी कवचाला एक टवका पाडून तिथेच थांबतं, कधी तेवढंही करत नाही. एकदा असं झालं की माणूस नशिबावर ढकलतो. माझं लागोपाठ दोनदा झालं, जुलैत आणि मग ऑगस्टात. पहिल्या खेपेला पंचविसाव्या दिवशी २१ अंड्यांत हालचाल दिसत होती, बाहेर आली ३ पिल्लं. दुसऱ्या खेपेला २२ जिवंत होती, आली २.

आम्ही कुडाळ तालुक्यात राहतो. बदकं खाकी कॅम्पबेल, चार माद्या आणि एक नर. अंडी उबवायचं मशीन छोटं, प्लॅस्टिकचं, आत पंखा, तळाला पाण्याचे दोन खण. माझ्या भावाकडे फलटणला अगदी तसंच मशीन आहे, आम्ही दोघांनी मिळूनच मागवली होती. त्याने मार्चमध्ये अंडी लावली आणि त्याचीही पिल्लं शेवटी अडकली. त्यामुळे आम्ही दोघांनी मशीनला शिव्या घातल्या. मशीनचा दोष नव्हता.

पहिली खेप फसल्यावर ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं: पिल्लू कवचात अडकलं म्हणजे दमटपणा कमी पडला, पाणी वाढवा. मी वाढवलं. ऑगस्टात दोन्ही खण काठोकाठ भरले, वर ओला स्पंज ठेवला. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "गो, भायर पावस कमी पडता काय, म्हणान त्या पेटयेत आणखी पाणी घालतंस?" मी हसण्यावारी नेलं. त्याची किंमत वीस पिल्लं.

मेलेलं अंडं फोडून बघा

नको वाटतं, वासही येतो, पण यावाचून कळत नाही. मी परसात माडाच्या बुंध्याशी बसून एकेक अंडं बोथट टोकाकडून सोललं. पहिल्याच अंड्यातून चिकट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आत पिल्लाची मान सुजलेली, लव ओलीगच्च अंगाला चिकटलेली, बेंबीपाशी आत न गेलेलं बलक गोटीएवढं. हवेची पोकळी रुपयाच्या नाण्याएवढी. पंचविसाव्या दिवशी ती अंड्याचा जवळपास तिसरा हिस्सा असायला हवी.

भावाने मार्चमध्ये पाठवलेला फोटो मग पुन्हा काढून बघितला. त्यात उलटंच होतं. पोकळी मोठी, आतला पापुद्रा कांद्याच्या सुकलेल्या सालीसारखा पिवळट होऊन पिल्लाच्या लवेवर ताणून बसलेला. पिल्लू कोरडं, लहानखुरं, जणू कुणी कागदात गुंडाळून ठेवलंय.

दोन्हीकडे बाहेरून लक्षण एकच: तयार पिल्लू, न फुटलेलं अंडं. कारण मात्र एकमेकांच्या विरुद्ध. त्याला पाणी कमी पडलं होतं, मला जास्त झालं होतं, आणि दोघांनाही सल्ला मिळाला तो पाणी वाढवण्याचा.

असं का होतं ते थोडक्यात. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून अंड्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि तेवढी जागा हवा घेते. पिल्लू बाहेर पडण्याआधी आतला पापुद्रा फोडून या पोकळीत चोच घालतं आणि पहिला श्वास तिथे घेतं. नंतर कवच टोचतं, मग गोल फिरत झाकण कापल्यासारखं टोक कापतं. पाणी पुरेसं उडालं नसेल तर श्वासाला हवा कमी, फिरायला जागा कमी, आणि पिल्लू फुगलेलं. फार उडालं तर पापुद्रा चिकटतो आणि पिल्लाला हलता येत नाही.

आता कुडाळचा जुलै घ्या. बाहेर २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. हीच हवा मशीनमध्ये जाऊन ३७.५ अंशांना तापली की पाण्याचा थेंब न घालताही आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास भरते. बदकाच्या अंड्याला पहिले पंचवीस दिवस लागते ५५ ते ६०. म्हणजे काम जवळजवळ पावसानेच केलेलं होतं आणि मी वर दोन खण ओतत होते. फलटणला मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि २५ टक्के धरले तर तीच हवा आत जेमतेम २२ टक्के होते. तिथे एक खण म्हणजे तापल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा. मशीनबरोबर आलेल्या कागदावर "एक खण भरा" एवढंच लिहिलेलं असतं. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, हे त्या कागदाला माहीत नाही.

आर्द्रतेच्या आकड्यावरही डोळे झाकून विसंबू नका. स्वस्तातला मापक किती चुकतो हे घरी तपासता येतं. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू द्यायचं नाही), ते बूच आणि मापक हवाबंद पिशवीत आठ-दहा तास एकत्र ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा मापक ६६ दाखवत होता! म्हणजे तो ६० म्हणायचा तेव्हा आत सत्तरीच्या जवळ होतं. तापमानासाठी ताप मोजायचा चांगला थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून मशीनच्या आकड्याशी ताडून बघा. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या बाजूला साडेअडतीसच्या जवळपास, कारण तिथे गरम हवा वर तरंगते आणि खाली गारवा राहतो.

पाण्याकडे नको, काट्याकडे बघा

सप्टेंबरात मी खण मोजणं सोडलं आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. हिशेब साधा आहे. लावल्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १३ टक्क्यांच्या आसपास घटलं पाहिजे. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहायचा (पेन किंवा मार्कर नको) आणि वहीत वजन.

माझं सात नंबरचं अंडं ७२ ग्रॅमचं होतं. १३ टक्के म्हणजे ९.४ ग्रॅम, म्हणून पंचविसाव्या दिवशी ते ६२.६ च्या जवळ यायला हवं. त्या हिशेबाने सातव्या दिवशी २.६ ग्रॅम आणि चौदाव्या दिवशी ५.२ ग्रॅम घट हवी. सातव्या दिवशी काट्यावर ठेवलं तर घट फक्त दीड ग्रॅम. इतर अंडीही साधारण तशीच. खणात पाणी होतं अर्धाच खण, तरीही. मी पाणी पूर्ण काढलं, खण पुसून कोरडे केले, हवेची झाकणं सगळी उघडली आणि मशीन न्हाणीघराच्या भिंतीला लागून होतं ते उचलून चुलीच्या खोलीत नेलं. चौदाव्या दिवशी पाच ग्रॅमला जेमतेम कमी. पंचविसाव्या दिवशी ६३. त्या खेपेला लावलेल्या २४ अंड्यांत ५ कोरी (गर्भ न धरलेली) निघाली, एकात चौदाव्या दिवशी रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे गर्भ मेलेला, उरलेल्या १८ मधून १४ पिल्लं आली.

काट्याला दशांश नसेल तर एकेका अंड्याऐवजी सगळी एकत्र तोलली तरी चालतं, फक्त मधे काढून टाकलेल्या अंड्यांचं मूळ वजन बेरजेतून वजा करायला विसरू नका. काटा नसेलच तर अंधारात बॅटरी लावून दर आठवड्याला पोकळीची कड पेन्सिलीने आखून ठेवा. रेघा खाली सरकताना दिसतात.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे, फक्त तिथे मशीनचा हट्ट नसतो. एका कोंबडीला बदकाची सहा, फार तर आठ अंडी. कोंबडीची अंडी त्यांच्यात मिसळू नका: एकविसाव्या दिवशी तिची पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन चालू लागते आणि बदकाची अंडी आठवडाभर आधीच उघडी पडतात. रवणावरच्या, म्हणजे कोंबडीखाली उबवायला ठेवलेल्या, बदकाच्या अंड्यांवर कोमट पाण्याचा हबका मारायची आमच्याकडची जुनी रीत आहे. बदकीण स्वतः ओल्या पिसांनी घरट्यावर येऊन बसते, कोंबडी कोरडी बसते, म्हणून. पण ही रीत उन्हाळ्याची. भर पावसात कुणी हबका मारत नाही, हे सासूबाईंनी मला नंतर, जरा चवीने, सांगितलं.

पाण्याचा दोष नसेल तर

आधी एक विचारते: बदक नक्की कुठलं आहे? तोंडावर लाल मांसल गाठी असतील आणि ते क्वॅक न करता फिसफिसत असेल तर ते मस्कोव्ही. त्याला २८ नव्हे, ३५ दिवस लागतात. तिसाव्या दिवशी जिवंत अंडी उकिरड्यावर टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

मशीनमधले फिरवणारे ट्रे बहुतेक कोंबडीच्या अंड्याच्या मापाचे असतात. बदकाचं अंडं त्यात अडकून बसतं, ट्रे हलतो, अंडं हलत नाही. मग गर्भ एका बाजूला चिकटतो किंवा पिल्लाचं डोकं निमुळत्या टोकाकडे जातं, जिथे पोकळीच नाही. अंड्याच्या एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दोन-तीन तासांनी खरंच फिरलंय का ते बघा. माझ्या मशीनमध्ये फिरत नव्हतं. मी मधल्या पट्ट्या काढल्या आणि दिवसातून पाच वेळा हाताने फिरवते. विषम संख्या अशासाठी, की रात्रीचा लांब पल्ला रोज एकाच कुशीवर जायला नको.

पिल्लं दोन दिवस आधीच, उघड्या बेंबीची निघत असतील तर तापमान जास्त आहे. तिसाव्या दिवसापर्यंत रेंगाळत असतील तर कमी. मधेच एखादं अंडं घाण वास सोडत घामेजलं तर ताबडतोब बाहेर काढा, ते फुटलं तर बाकीचीही जातात. बदकं पहाटे चिखलात कुठेही अंडं टाकतात, म्हणून सकाळी नऊपर्यंत त्यांना खुराड्यातच कोरड्या पेंढ्यावर ठेवायचं. मळकं अंडं धुऊन लावण्यापेक्षा खाऊन टाकलेलं बरं. साठवलेलं अंडं सात दिवसांच्या आतलं हवं, आणि फ्रिजमधलं नको.

शेवटचे तीन दिवस

पंचविसाव्या दिवशी फिरवणं बंद. आर्द्रता आता वाढवायची, ७० ते ७५ पर्यंत, पावसाळ्यातसुद्धा. इथे माझाही गोंधळ व्हायचा. आधीचे पंचवीस दिवस पाणी उडू द्यायचं असतं, शेवटचे तीन दिवस पापुद्रा मऊ राहायला हवा असतो. मात्र दमटपणा टिकावा म्हणून हवेची झाकणं बुजवू नका. याच दिवसांत पिल्लांना सगळ्यात जास्त हवा लागते.

पहिला टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ ते ३६ तास, कधी ४८ सुद्धा. कोंबडीची पिल्लं बघितलेल्या माणसाला हे असह्य होतं. झाकण उघडून बघायचा मोह होतो, आणि उघडलं की आतला दमटपणा भसकन जातो. पिल्लू गप्प दिसतं तेव्हा ते उरलेलं बलक पोटात ओढत असतं आणि पापुद्र्यावरच्या रक्तवाहिन्या सुकत असतात. तेव्हा घाईने सोललं तर रक्तस्राव होतो. मी सोलून दोन मारली आहेत, म्हणून सांगते. टवका पडून २४ तास उलटले, काहीच सरकलं नाही आणि पापुद्रा तपकिरी, कोरडा दिसतोय, तरच कापसाच्या बोळ्याने कोमट पाणी लावा आणि टवक्याभोवती तांदळाएवढे तुकडे काढा. लाल रेघ दिसली की थांबा, अंडं परत आत.

बाहेर आल्यावर

इथे तक्रारी वेगळ्या, पण पुन्हा पुन्हा त्याच.

पहिली: पिल्लू आठवड्याभरात लंगडतं, गुडघ्यावर बसतं, पाय वाकडे होतात. खालचा कागद गुळगुळीत असेल तर आधी तो काढा. वर्तमानपत्रावर पाय फाकतात, खाली गोणपाट किंवा खरखरीत कापड हवं. तरीही पाय कमजोर राहिले तर खाद्यात नायसिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) कमी आहे. दुकानात मिळतं ते कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, आणि बदकाच्या पिल्लाला नायसिन त्यांच्या जवळजवळ दुप्पट लागतं. म्हणून मी एक कप खाद्याला मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळते. सुरुवातीलाच दिलं तर दोन-चार दिवसांत चाल सुधारते. हाड वाकल्यावर उपयोग होत नाही.

दुसरी: सकाळी पिल्लं भिजून गारठलेली सापडतात. बदक आहे, पाण्यात राहीलच, हा समज. मशीनमधल्या पिल्लाची लव आईच्या पंखाखाली वाढलेल्या पिल्लासारखी पाणी झटकत नाही, ती भिजते. पाणी हवं, पण प्यायला: चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल, अंग बुडणार नाही इतकं अरुंद. मी श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला चोच जाईल एवढी भोकं पाडते. खाद्याशेजारी पाणी नेहमीच हवं, नाहीतर कोरडं खाद्य घशात अडकतं. ऊब पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात: बल्बखाली ढीग करून ओरडत असतील तर थंडी, कोपऱ्यात चोच उघडी टाकून बसली असतील तर उकाडा.

तिसरी, आणि कोकणात सगळ्यात कपटी: बुरशी. काही दिसत नाही, पिल्लं खाणं सोडतात आणि एकेक करून जातात. शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाच्या पिल्लांना फार थोडंसुद्धा पुरतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीचे कळपच्या कळप मेले आणि बदकाची पिल्लंही मेली, तेव्हा शोध घेत माणसं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचली आणि हे विष पहिल्यांदा उजेडात आलं. पावसाळ्यात मोठं पोतं घेऊ नका. दहा दिवसांचं खाद्य आणा, झाकणाच्या डब्यात जमिनीपासून वर ठेवा, गठ्ठा झाला किंवा कुबट वास आला की फेका. सांडलेलं ओलं खाद्य संध्याकाळी झाडून काढा. कोंबड्यांनाही देऊ नका.

याखेरीज हगवण, डोळ्यांतून पाणी किंवा अचानक मरतूक दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलेलं पिल्लू घेऊन जा. डक प्लेगची लस दोन-तीन महिन्यांच्या वयात द्यायची असते, तीही तिथेच विचारा. पिल्लं बाहेर सोडायला लागलात की मुंगूस आणि कावळा. त्यावर माझ्याकडे जाळीशिवाय उत्तर नाही.

डिसेंबरात मी चौथी खेप लावली. थंडी पडली होती, हवा कोरडी. पाऊस संपला म्हणून खण भरायला घेणार होते, पण आधी काटा बघायचं ठरवलं. सातव्या दिवशी ७० ग्रॅमच्या अंड्याची घट ३.६ ग्रॅम, म्हणजे हवी त्यापेक्षा ग्रॅमभर जास्त. एक खण अर्धा भरला. तीन दिवसांनी पुन्हा तोलून पूर्ण भरला. त्याच रात्री फलटणहून फोन आला, "ताई, माझी आठवड्यात चार ग्रॅम उतरलीत, दोन्ही खण भरू का?" मी म्हटलं भर, आणि तेरवा परत वजन कर.